तांगहुलूचा साखरेचा थर चिकट का राहतो, आणि त्यावर काय करायचं

तांगहुलू म्हणजे काडीला ओवलेल्या फळांवर साखरेच्या कडक पाकाचा काचेसारखा थर चढवलेला चिनी पदार्थ. तो घरी करणाऱ्यांची तक्रार जवळजवळ ठरलेली असते. फळं काडीला लावली, पाक केला, बुडवून काढलं, वरून छान चकाकतंय. पण चावल्यावर कट्‌कन तुटायच्या ऐवजी साखर दाढेत जाऊन बसते ती निघतच नाही. मग पुढच्या खेपेला कोणी पाक आणखी आटवतं, कोणी लिंबू पिळतं, कोणी काड्या फ्रीजमध्ये ठेवतं. कधी जमतं, कधी आधीपेक्षा बिघडतं. कारण चिकटपणा हे एकच दुखणं नाही, त्याची दोन निरनिराळी कारणं आहेत.

म्हणून उपायाला लागण्याआधी एवढंच आठवा: चिकट झालं ते केव्हा? काडी थंड झाल्यावर पहिल्याच घासाला चिकट होती, की पहिली काडी मस्त कुरकुरीत लागली आणि अर्ध्या तासाने ताटलीतल्या बाकीच्या ओलसर व्हायला लागल्या? पहिल्या प्रकारात पाकातलं पाणी गेलेलंच नसतं. दुसऱ्यात गेलेलं पाणी परत आलेलं असतं. एकाचा उपाय दुसऱ्याला लावून काही होत नाही.

पहिल्या घासापासून चिकट

साखर-पाणी उकळत ठेवलं की पाणी उडत जातं आणि उरलेल्या पाकाचं तापमान चढत जातं. म्हणजे पाकाचं तापमान हा त्यात किती पाणी उरलंय याचाच हिशेब असतो. ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास पाकात अजून साधारण १५ टक्के पाणी असतं. १५० अंशांना ते एखाद्या टक्क्यावर आलेलं असतं. तांगहुलूला हवा तो हा दुसरा पाक. १४८ ते १५२ अंश, त्याच्या अलीकडे नाही.

गुलाबजामचा एकतारी, लाडवांचा दोनतारी, वडीचा गोळीबंद, हे आपल्या हाताला बसलेले सगळे पाक यापेक्षा पुष्कळ आधीचे. त्यामुळे गोळीबंद झाला की ‘आता जास्त होतंय’ असं वाटून हात आपोआप गॅसकडे जातो. चिक्कीचा पाक करणाऱ्यांना तुलनेने सोपं जातं, कारण पाण्यात पडलेला थेंब ताटलीवर टाकून ‘टण’ आवाज ऐकायची त्यांना सवय असते. इथेही तोच आवाज हवाय, फक्त गुळाच्या जागी साखर.

फसवणूक होते ती तापमान चढण्याच्या चालीमुळे. सुरुवातीला ते १०५-११० च्या घरात इतका वेळ रेंगाळतं की थर्मामीटर बंद पडला की काय असं वाटावं. पाणी भरपूर असतं, ते उडायला वेळ लागतो. १३० ओलांडल्यावर मात्र पाणी फारसं उरलेलंच नसतं, आणि काटा भराभर वर जातो. नेमक्या याच वेळी, पाक जळेल या धास्तीने, बहुतेकजण १३०-१३५ ला गॅस बंद करतात. हा पाक मोठा लबाड. थंड झाल्यावर कडक दिसतो, नखाने वाजवला तर वाजतोही. पण तोंडातल्या उबेने आणि ओलाव्याने लगेच मऊ पडून दाताला धरतो. वर सांगितलेली तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचं मूळ इथेच सापडतं.

थर्मामीटर असूनही हे होत असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, भांडं. पसरट कढईत वाटीभर पाकाची खोली बोटभरही नसते. थर्मामीटरचं टोक एकतर अर्धवट बाहेर राहतं, नाहीतर बुडाला टेकतं आणि पाकाचं सोडून भांड्याचं तापमान दाखवतं. लहान, उभट, जाड बुडाचं पातेलं घ्या. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, एवढ्यात पाच-सहा काड्या आरामात होतात. काड्या बुडतील एवढी खोली हवी म्हणून पातेलं किंचित कलतं करून काम करायचं.

दुसरी, तुम्ही राहता ती उंची. थर्मामीटर आधी साध्या उकळत्या पाण्यात धरून बघा. मुंबईत तो १०० च्या जवळ दाखवेल, पुण्यात ९८, आणि महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर, ९५-९६. पाणी जितक्या अंशांनी आधी उकळतं तितके अंश पाकाच्या आकड्यातूनही वजा करा. पुण्यात १४८ म्हणजे मुंबईतले १५०. थर्मामीटरच दोन-तीन अंशांनी चुकत असेल तर तेही याच चाचणीत कळतं.

थर्मामीटर नसेल तर बुडबुड्यांकडे बघा. सुरुवातीचे बुडबुडे मोठे, पातळ, फटाफट फुटणारे असतात आणि भरपूर वाफ येते. पुढे ते बारीक आणि दाट होत जातात, एकमेकांवर रचल्यासारखे, आणि फुटायला आळस करतात. वाफ जवळपास थांबते. आता वाटीत गार पाणी घ्या, चमच्याने पाकाचा थेंब सोडा आणि दोन-तीन सेकंदांनी बाहेर काढा. बोटाने दाबला गेला तर पाक अजून गोळीबंदच्या घरात आहे. वाकवल्यावर आधी थोडा वाकला आणि मग तुटला, तर तोच १३०-१३५ चा लबाड पाक. अजिबात न वाकता कट्‌कन मोडला की झालं. खात्रीसाठी तो तुकडा दाताखाली घ्या. दाढेला चिकटला तर गॅसवर आणखी अर्धा-एक मिनिट. चाचणी करत असताना आच अगदी मंद ठेवा किंवा पातेलं खाली उतरवा. तुम्ही थेंब मोडत बसलात तोवर गॅसवरचा पाक १६० ला जाऊन पिवळा पडायला लागतो.

आधी कुरकुरीत, मग ओलसर

पहिली काडी नीट लागली असेल तर पाकाला दोष देऊ नका. पाणी नंतर आलंय. ते दोनच ठिकाणांहून येऊ शकतं: बाहेरून हवेतून किंवा आतून फळातून.

हवेचं आधी. पेइचिंगमध्ये (म्हणजे बीजिंगमध्ये) जानेवारीचं सरासरी तापमान शून्याखाली असतं आणि हवा कोरडी ठणठणीत. गवताच्या पेंढीला काड्या खोचून विक्रेता दिवसभर उभा राहतो आणि साखरेचा थर तसाच राहतो. चिनी नववर्षाला तिथल्या ल्यूलीछांगच्या भागात भरणाऱ्या छांगत्यनच्या जत्रेतल्या लांबच लांब काड्या तर प्रसिद्धच आहेत. हा पदार्थ उत्तर चीनचा आणि हिवाळ्याचा आहे यामागे चवीपेक्षा हवेचा वाटा मोठा आहे. हाच पदार्थ तुम्ही जुलैत डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात करणार असाल तर हरायची तयारी ठेवा.

असं का होतं? तांगहुलूवरची साखर डब्यातल्या साखरेसारखी दाणेदार नसते. पाक झटकन थंड झाल्यामुळे साखरेच्या रेणूंना ओळीत लागून स्फटिक बनायला वेळच मिळत नाही. ते अस्ताव्यस्त गोठतात. म्हणजे ती अक्षरशः काच असते, फक्त साखरेची. पूर्ण कोरडी असेल तर ही काच साठ-बासष्ट अंशांपर्यंत टणक राहते. पण तिला पाण्याची विलक्षण ओढ असते, आणि चार-पाच टक्के पाणी शोषलं की ती खोलीच्या तापमानालाच मऊ पडते. दमट हवेत वरचा पापुद्रा आधी ओला होतो, मग बोटाला लागतो, मग ओघळतो.

यावर जादूचा उपाय नाही. एसी असलेल्या खोलीत करा, कारण एसी हवेतला ओलावा काढतो. दुसऱ्या शेगडीवर कुकर, डाळ, भात काही नको. पावसाळ्यात करायचंच असेल तर खाणारी मंडळी आधी टेबलाशी बसवा आणि मग पाक चढवा. दहा मिनिटांत संपवायचा पदार्थ म्हणून केला तर जुलैतही निभतं. नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींना डिसेंबर-जानेवारीत हे कितीतरी सोपं जाईल.

आता फळ. मूळ तांगहुलू होतं शानझा नावाच्या फळाचं, लाल, लहान, आंबट, घट्ट गराचं. दंतकथा अशी की सोंग घराण्यातल्या क्वांगझोंग सम्राटाची (राज्यकाळ ११८९ ते ११९४) लाडकी राणी आजारी पडली, अन्न जाईना, तेव्हा एका वैद्याने शानझा खडीसाखरेत शिजवून जेवणाआधी द्यायला सांगितलं आणि ती बरी झाली. खरंखोटं काहीही असो, साखर गुंडाळायला याहून चांगलं फळ मिळणं कठीण. रस कमी, साल सुकी, आणि गरात पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) इतकं की नुसत्या साखरेबरोबर शिजवून चीनमध्ये त्याच्या वड्या पाडतात. अशा फळातून थरात पाणी झिरपत नाही. आणि आंबटपणामुळे साखरेचा अतिरेक जाणवत नाही, हेही आहेच.

आपण मात्र व्हिडिओ बघून स्ट्रॉबेरीपासून सुरुवात करतो. स्ट्रॉबेरी दिसायला देखणी, पण या कामाला सगळ्यात अवघड. तिला खरी सालच नाही, वरचे खळगे पाणी धरून ठेवतात, आणि देठ काढला की ती जखम पाझरत राहते. त्यात १५० अंशांच्या पाकाने वरचा भाग शिजतो आणि रस आणखी सुटतो. घ्यायचीच असेल तर घट्ट, किंचित कच्ची घ्या. धुतल्यावर फडक्यावर पसरून पंख्याखाली तासभर सुकू द्या. नुसतं पुसून भागत नाही. देठ शक्यतो ठेवा. काढलात तर ती बाजू काडीवर खालच्या दिशेला येऊ द्या आणि तिथेही पाक नीट बसेल असं बघा.

नाशिकची द्राक्षं त्या मानाने शहाणी. साल अखंड, रस आत बंद. पहिल्यांदा करणाऱ्याने द्राक्षांनीच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. संत्र्याच्या फोडी चालतात, पण काडी टोचल्यावर रस यायला लागला तर ती फोड खाऊन टाका, पाकात बुडवू नका. अननस, किवी, कलिंगड यांचे कापलेले तुकडे म्हणजे चहूबाजूंनी उघडी जखम. व्हिडिओत ते चकाकताना दिसतात कारण चित्रण पहिल्या मिनिटातलं असतं.

शानझाच्या स्वभावाला जवळचं असं आपल्याकडे काही असेल तर ते बोर. संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाणासाठी बाजारात येणारी लहान आंबटगोड बोरं घट्ट, सुक्या सालीची आणि कमी रसाची असतात. त्यांच्यावर थर सुरेख बसतो आणि टिकतोही. फक्त आत बी आहे, ती काडी आरपार जाऊ देत नाही. बाजूने टोचावं लागतं. लहान मुलांना देताना बी काढूनच द्या. मोठी ॲपल बोरं चालतात, पण त्यांना आंबटपणा जवळपास नाही, त्यामुळे गोडावर गोड होतं. आवळा करून बघायचा मोह होईल. नका करू, तुरटपणा साखरेला जुमानत नाही.

फळ कोणतंही असो, सगळ्यात वरच्या फळातून काडीचं टोक बाहेर काढू नका. ते भोक म्हणजे रसाचा नळ. आणि फ्रीजमधून काढलेलं फळ तसंच वापरू नका. त्यावर दव धरतं, ते डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक असतं, आणि थर सुटून येतो. तास-दीड तास आधी बाहेर काढून पुन्हा पुसा. गोठवलेलं फळ तर नकोच. गोठताना पेशी फुटतात आणि वितळताना सगळा रस बाहेर.

अर्ध्या तासातल्या चिकटपणाचं आणखी एक कारण आहे, आणि ते आपण स्वतःच घातलेलं असतं: लिंबू किंवा मध. लिंबाच्या आम्लाने साखरेचं थोडं विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. थोडे असले तर उपयोगाचे, ते का ते पुढे सांगते. पण जास्त झाले की पंचाईत. साखरेची काच साठ अंशांपर्यंत टिकते, कोरड्या ग्लुकोजची जेमतेम तीसपर्यंत आणि फ्रुक्टोजची पाचच अंशांपर्यंत. म्हणजे फ्रुक्टोज आपल्या हवेत कधी कडक राहूच शकत नाही. मधात ते भरपूर असतं, म्हणून साखरेऐवजी मध घालून ‘पौष्टिक’ तांगहुलू होणार नाही. गुळाचंही तेच, त्याची चिक्की होते, पण असा पातळ पारदर्शक थर होत नाही. वाटीभर साखरेला लिंबाचे पाच-सहा थेंब, बस.

थर पांढरा आणि दाणेदार

हा चिकटपणाच्या उलट प्रकार. पाक नीट चढत असताना अचानक गढूळ होतो, कडेने पांढरा पडतो आणि बघता बघता सगळा साखरतो. संक्रांतीचा हलवा करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. तिळावर थेंब थेंब पाक सोडून सतत हलवत राहिल्यामुळेच त्याच्यावर काटा येतो. तांगहुलूत त्या हलवण्याचीच सवय नडते.

साखर पूर्ण विरघळेपर्यंत, म्हणजे उकळी यायच्या आधी, खुशाल ढवळा. उकळी आली की चमचा बाहेर. पाक फिरवायचा असेल तर पातेल्याचा दांडा धरून गोल झुलवा. कडेला उडालेले साखरेचे कण हे बहुतेक वेळा खरे गुन्हेगार. त्यातला एक पाकात पडला की त्याच्याभोवती बाकीची साखर जमत जाते. उकळी आल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा, वाफेने कडा आपोआप धुतल्या जातात. किंवा ओला ब्रश कडेने फिरवा. थेंबाच्या चाचणीला प्रत्येक वेळी स्वच्छ, कोरडा चमचा घ्या. मघाचा साखर लागलेला चमचा पुन्हा बुडवलात तर तुम्हीच बी पेरलंत.

इथे लिंबाचे ते थेंब कामाला येतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचे रेणू मध्ये आले की साखरेला ओळ लावता येत नाही. केकचं सामान मिळतं त्या दुकानातला लिक्विड ग्लुकोज चमचाभर घातला तर आणखी खात्रीचं, कारण लिंबासारखं त्याचं काम किती वेळ उकळलं यावर अवलंबून नसतं.

पाक साखरला तरी फेकू नका. अर्धी वाटी पाणी घालून पुन्हा पूर्ण विरघळवा आणि नव्याने चढवा. एकदा चालतं, दोनदा केलं तर रंग येतोच.

बाकीचं थोडक्यात

थर जाड झाला आणि चावताना दात दुखले, तर पाक थंड होऊन घट्ट झाल्यावर बुडवलंत किंवा काडी फार वेळ आत ठेवलीत. पातेलं कलतं धरा, काडी पाकाच्या वरच्या अंगाला एकदाच गोल फिरवा, बाहेर काढून जास्तीचा पाक गळू द्या. चिनी कारागीर यानंतर काडी ओल्या गुळगुळीत फळीवर अलगद आपटून मागे ओढतात. त्यामुळे जास्तीची साखर निघते आणि टोकाला पातळ पंखा तयार होतो. घरी स्टीलच्या ताटाला तेलाचा हात लावून हे जमतं. पाक मध्येच घट्ट व्हायला लागला तर अगदी मंद आचेवर परत सैल करा, पाणी घालू नका.

पिवळेपणा आला तर आच मोठी होती किंवा बूड पातळ. १४८ ला गॅस बंद करा, उरलेले दोन-तीन अंश पातेल्याच्या उष्णतेने चढतात. ब्राउन शुगर किंवा सेंद्रिय साखर घेतली असेल तर रंग येणारच. खडीसाखरेने थर सगळ्यात स्वच्छ होतो, मात्र ती विरघळायला वेळ लागतो, आधी कुटून घ्या.

साठवण हा विषय जवळजवळ नाहीच. फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढलं की दव धरतं. हवाबंद डब्यात फळाचाच ओलावा कोंडतो. फ्रीजर त्यातल्या त्यात बरा, तिथली हवा कोरडी असते. पण मग काढल्या काढल्या खायचं आणि आतलं फळ बर्फ झालेलं असणार. चीनमध्ये काडीभोवती खाता येणारा पातळ तांदळाचा कागद गुंडाळतात. त्याने काड्या एकमेकींना चिकटत नाहीत, साखर वितळायची थांबत नाही.

आणि भाजण्याचं. उकळत्या पाण्यापेक्षा हा पाक पन्नास अंशांनी गरम असतो आणि त्वचेला चिकटून राहतो, झटकून जात नाही. दक्षिण कोरियात २०२३ च्या सुमारास तांगहुलूची लाट आली, तेव्हापासून कागदी कपात साखर-पाणी घालून मायक्रोवेव्हमध्ये पाक करायचे व्हिडिओ सगळीकडे फिरतायत. ते मुलांच्या हाती देऊ नका. कप मऊ पडतो आणि पाक हातावर येतो. पाक गॅसवर, मोठ्या माणसाने करायचा, मुलांनी फळं ओवायची. चटका बसलाच तर नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर सरळ डॉक्टरकडे.

पातेल्यात घट्ट बसलेला पाक खरवडू नका. काठोकाठ पाणी भरून उकळी आणा, चमचे आणि थर्मामीटरचं टोकही त्यातच टाका; दहा मिनिटांत सगळं विरघळून जातं.